शोधलं, सापडलं नाही... म्हणजे नाहीच का?

दवाखान्यात हल्ली दोन वाक्यं वारंवार ऐकू येतात. एक : "डॉक्टर, हे पबमेडवर आहे, म्हणजे खरंच असणार ना?" आणि दुसरं : "मी सगळीकडे शोधलं, या औषधाचा असा त्रास होतो असं कुठेच लिहिलेलं नाही." पहिलं वाक्य बहुतेक वेळा पेशंटच्या सुशिक्षित मुलाचं असतं. दुसरं मात्र पेशंटइतकंच डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळतं, आणि माझी चिंता त्याचीच जास्त आहे.

दोन्ही वाक्यांमागे एकच समजूत आहे. जगातलं सगळं वैद्यकीय संशोधन कुठेतरी एका यादीत नीट लावून ठेवलेलं आहे, ती यादी पूर्ण आहे, आणि योग्य शब्द टाकला की हवं ते बाहेर येतं. ही समजूत तितकीशी खरी नाही. यादी आहे आणि ती अफाट उपयोगाची आहे, पण तिला भोकं आहेत. ही भोकं कुठे आहेत हे ती सांभाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे, वापरणाऱ्यांना मात्र क्वचितच. आजचा लेख त्यासाठी.

आधी थोडी ओळख. जॉन शॉ बिलिंग्ज नावाच्या अमेरिकन लष्करी डॉक्टरने 1879 साली 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत काय काय छापून आलं, याची विषयवार, लेखकवार छापील सूची. आमच्या पिढीने कॉलेजच्या ग्रंथालयात ते जाडजूड खंड हाताळलेले आहेत. एका विषयासाठी पाच-सहा वर्षांचे खंड काढायचे, बोटाने ओळी वाचत जायचं आणि कागदावर टिपून घ्यायचं. 1964 मध्ये हे काम संगणकावर गेलं, 1971 पासून 'मेडलाइन' या नावाने ते दुरूनही शोधता येऊ लागलं, आणि 1997 मध्ये 'पबमेड' या नावाने जगभर सगळ्यांना फुकट खुलं झालं. छापील इंडेक्स मेडिकस 2004 साली बंद झालं. आज पबमेडमध्ये साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत आणि दरवर्षी दहा लाखांवर नव्या नोंदींची भर पडते. हे सगळं अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाच्या पैशावर चालतं. आपण एक रुपयाही देत नाही, हे तक्रार करण्याआधी लक्षात ठेवलेलं बरं.

आता पहिलं भोक. सूची कुठून सुरू होते?

2001 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये दम्याविषयी एक संशोधन चालू होतं. निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचं औषध वाफेवाटे द्यायचं होतं. हे औषध 1950 च्या दशकात रक्तदाबासाठी वापरत, नंतर मागे पडलं. संशोधकांनी औषधाच्या सुरक्षिततेचा शोध घेतला. एक-दोन पाठ्यपुस्तकं पाहिली, पबमेडही पाहिलं. पण त्या वेळी पबमेडमधली शोधता येणारी सूची 1966 पासून पुढची होती. या औषधाने फुफ्फुसाला इजा होते असे अहवाल 1950 च्या दशकातल्या जर्नल्समध्ये छापलेले होते. म्हणजे माहिती होती, ग्रंथालयात फळीवर होती, फक्त पडद्यावर नव्हती. 24 वर्षांची एक निरोगी स्वयंसेविका औषध घेतल्यानंतर आजारी पडली, तिची फुफ्फुसं निकामी होत गेली, आणि महिनाभरात ती गेली. त्या जुलैमध्ये अमेरिकन सरकारने त्या संस्थेतलं सरकारी पैशावरचं जवळजवळ सगळं मानवी संशोधन काही काळ थांबवलं होतं.

सगळा दोष सूचीवर टाकणं अन्यायाचं होईल. तिथे इतरही चुका झाल्या होत्या, आणि चौकशीत त्या नोंदवल्या गेल्या. पण या घटनेतून मला जे दिसतं ते असं : पडदा कधीही म्हणत नाही, "माझ्याकडे 1966 च्या आधीचं काही नाही, खाली फळीवर बघा." तो फक्त शून्य दाखवतो. आणि शून्य म्हणजे 'नाही' असं आपण वाचतो. त्यानंतर जुन्या नोंदी हळूहळू भरल्या गेल्या, आज पबमेड बरंच मागे जातं. तरी जुन्या नोंदींना बहुधा सारांश नसतो, नुसतं शीर्षक असतं. शीर्षकात तुमचा शब्द नसला की ती नोंद असून नसल्यासारखी.

याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' आपल्याला माहीत आहे. मुंबईत डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया यांनी हा रक्तगट शोधला आणि परदेशातल्या सहकाऱ्यांसह 1952 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीच्या तपासणीत हा पेशंट 'ओ' गटाचा वाटतो, पण त्याला ओ गटाचं रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक जण असा सापडतो. आता गंमत अशी की त्या मूळ पेपरच्या शीर्षकात 'बॉम्बे' हा शब्दच नाही. एबीओ पद्धतीशी संबंधित 'नवा' रक्तगट-गुणधर्म, अशा अर्थाचं ते शीर्षक आहे. बरोबरच आहे, बाळाचं बारसं व्हायच्या आधी त्याला नावाने हाक कोण मारणार? पण नुसत्या शब्दाने शोधणाऱ्याला मूळ लेख सोडून त्यानंतरचे सगळे सापडतील.

सर्पगंधेचंही तसंच. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा प्रयोग करून 1949 साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लेख लिहिला आणि जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. तिच्यातलं 'रेझर्पीन' हे द्रव्य वेगळं काढलं गेलं 1952 मध्ये. म्हणजे 'रेझर्पीन' असं टाकून शब्दाला शब्द जुळवत बसलात तर वकिलांचा लेख मिळणार नाही, कारण तो लिहिला तेव्हा तो शब्द जन्मालाच आला नव्हता. आणि त्याच्याही आधी, 1931 साली, कलकत्त्याच्या सेन आणि बोस यांनी याच मुळीवर लिहिलं होतं, तेही रक्तदाब आणि मानसिक आजार या दोन्हींसाठी. ते छापलं गेलं 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये. जगाने दखल घेतली ती ब्रिटिश नियतकालिकात आल्यावर, अठरा वर्षांनी. सूचीत कोणतं नियतकालिक घ्यायचं आणि कोणतं नाही, यावर कोणाचं काम दिसेल हे ठरतं. तेव्हाही ठरत होतं आणि आजही ठरतं.

शब्दांचा हा घोळ सोडवण्यासाठी सूचीकारांनी फार पूर्वीच एक उपाय केला. 1960 पासून ते प्रत्येक लेखाला ठरावीक विषय-शीर्षकं देतात. त्यांच्या यादीला 'मेश' म्हणतात. आज तीत तीस हजारांच्या आसपास शीर्षकं आहेत. लेखकाने 'हार्ट अटॅक' लिहो की 'मायोकार्डियल इन्फार्क्शन', दोन्ही एकाच खणात जातात. कल्पना साधी आहे, पण ती चालू ठेवणं साधं नाही. कारण वैद्यकशास्त्र नावं बदलत राहतं. यादी दरवर्षी सुधारावी लागते, आणि जुन्या कोट्यवधी नोंदींना नवी शीर्षकं जोडत बसावं लागतं.

कोकणातल्या लाल विंचवाचं उदाहरण घ्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशात हृदय आणि फुफ्फुसांवर होणारा परिणाम आणि त्यावरचं प्राझोसिन यांविषयी 1980 च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्या विंचवाचं शास्त्रीय नाव तेव्हा 'ब्यूथस टॅम्युलस' असं लिहीत. मग ते 'मेसोब्यूथस टॅम्युलस' झालं. आता 'हॉटेनटोटा टॅम्युलस' म्हणतात. विंचू तोच, विष तेच, दगडाखालून निघून भातकापणीत हाताला डसतो तोही तसाच. दंशालासुद्धा इंग्रजीत कोणी 'स्टिंग' म्हणतं, कोणी 'एन्व्हेनोमेशन', कोणी 'एन्व्हेनोमिंग'. प्राथमिक आरोग्य केंद्रातला एखादा नवा डॉक्टर रात्री दोन वाजता घामाने निथळणारं, हातपाय गार पडलेलं मूल समोर असताना मोबाइलवर यातला एकच शब्द टाकणार. त्याला कोणता लेख दिसेल हे त्याच्या हुशारीवर कमी आणि कोणीतरी, कधीतरी, ही सगळी नावं एका खणात नेऊन ठेवली आहेत का, यावर जास्त अवलंबून आहे.

हा 'कोणीतरी' आता बहुतांशी यंत्र आहे. एप्रिल 2022 पासून मेडलाइनमधल्या लेखांना विषय-शीर्षकं देण्याचं काम संगणकप्रणाली करते, आणि निवडक नोंदी माणसं तपासतात. पूर्वी एखाद्या लेखाला शीर्षकं मिळायला आठवडे, कधी महिने लागत. आता एका दिवसात मिळतात. लेखांचा लोंढा पाहता दुसरा इलाज नव्हता हे मला मान्य आहे. पण यंत्र शीर्षक आणि सारांशातल्या शब्दांवरून अंदाज बांधतं. भेंडे-देशपांडे-भाटियांच्या पेपरसारखी नोंद, जिच्यात महत्त्वाची गोष्ट शब्दांत दिसतच नाही, ती ओळखायला विषय कळणारा माणूसच लागतो. तो माणूस किती काळ पगारावर राहील, हे पाहायचं.

आता नावांकडे येऊ. इथे आपल्या लोकांचं नुकसान इतरांहून जास्त आहे.

पबमेडमध्ये 2002 सालापर्यंत लेखकाचं आडनाव आणि आद्याक्षरं एवढंच नोंदवत. 'पाटील एस', 'जोशी ए', 'कुलकर्णी एम'. महाराष्ट्रात राहणाऱ्याला यापुढे काही समजावून सांगायची गरज नाही! सुनील, संजय, सुनीता, शैलजा आणि सदाशिव हे सगळे एका ओळीत. वडिलांच्या नावाचं आद्याक्षर कोणी घालतो, कोणी गाळतो. चौधरी हे एकच आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात ते बघा. आणि बायकांचा प्रश्न तर आणखी वेगळा. एमडी करताना माहेरच्या नावाने तीन पेपर, लग्नानंतर सासरच्या नावाने दहा. सूचीच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत, आणि पहिलीने तरुणपणीच काम सोडलं. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेला बढतीच्या मुलाखतीत तिचेच जुने पेपर तिचेच आहेत हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागला होता. पुरुष उमेदवाराला हा कागद कोणी मागत नाही.

यावर 2012 पासून 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी क्रमांक आहे. फुकट मिळतो, दहा मिनिटांत होतो, आणि नाव बदललं तरी क्रमांक बदलत नाही. आपल्याकडच्या प्रत्येक निवासी डॉक्टरने पहिल्या पेपरच्या आधी तो घ्यावा, आणि मार्गदर्शकाने घ्यायला लावावा. जुन्या नोंदी मात्र आपोआप जुळत नाहीत, ते लेखकालाच बसून करावं लागतं. गावांच्या नावांचंही तेच. 'मुंबई' असं टाकून इथल्या कामाचा शोध घेतलात तर 1995 च्या आधीचं 'बॉम्बे' निसटतं, 'पुणे' टाकलं तर 'पूना'. त्यात जुन्या नोंदींना पत्ता असलाच तर तो फक्त पहिल्या लेखकाचा. एखाद्या आजाराचं महाराष्ट्रातलं जुनं चित्र शोधणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो बिनदिक्कत लिहून जातो की या भागात पूर्वी कोणी अभ्यास केलेला नाही. अशी वाक्यं मी प्रबंधांत नेहमी वाचतो.

इथपर्यंत जे सापडत नाही त्याविषयी झालं. आता जे सापडतं पण सापडायला नको होतं, त्याविषयी. माझ्या मते यातला सगळ्यात गंभीर प्रश्न हाच.

छापलेला पेपर खोटा किंवा चुकीचा ठरला तर जर्नल तो मागे घेतं. एकट्या 2023 मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक पेपर मागे घेतले गेले. पबमेड अशा नोंदीवर ठळक खूण करतं, आणि हे काम ते चोख करतात. पण तो पेपर त्याआधीच शेकडो ठिकाणी पोचलेला असतो. दुसऱ्या लेखांच्या संदर्भसूचीत, पुस्तकात, कोणाच्या लॅपटॉपमध्ये, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफमध्ये. तिथे ती खूण जात नाही. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीने स्वमग्नता येते असं सुचवणारा 1998 चा 'लॅन्सेट'मधला पेपर आठवा. बारा मुलांवरचा तो लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला. आणि 2018 च्या अखेरीस महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा आईबाप तोच लेख मोबाइलमध्ये घेऊन येत होते. पहिल्या पानावर लॅन्सेटचं नाव, खाली डॉक्टरांची नावं, आणि 'मागे घेतला' असं कुठेही नाही. त्यांना दोष कसा द्यायचा?

डॉक्टरही यातून सुटत नाहीत. योआखिम बोल्ट हे जर्मन भूलतज्ज्ञ. अत्यवस्थ पेशंटला शिरेतून देण्याच्या 'हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च' या द्रवावर त्यांचे ढिगाने पेपर होते. त्यांतले कित्येक 2011 च्या सुमारास मागे घेतले गेले. 2013 साली 'जामा'मध्ये या द्रवावरच्या सगळ्या चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. बोल्ट यांच्या सात चाचण्या धरून हिशेब केला तर मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसत नव्हता. त्या बाजूला काढल्या आणि चित्र बदललं : हा द्रव दिलेल्यांमध्ये मृत्यूचा आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका जास्त. ज्याने कोणी जुन्या याद्यांवर विसंबून आढावा घेतला असेल, त्याला औषध निर्धोक वाटणार, आणि त्या विश्वासाने ते आयसीयूत टांगलं जाणार. पुढे 2022 मध्ये युरोपात या द्रवाची विक्रीच स्थगित करण्याचा निर्णय झाला.

कोविडच्या काळात तर हे काही दिवसांत घडून गेलं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने मृत्यू वाढतात असं सांगणारा, 96 हजार पेशंटांच्या माहितीवर आधारलेला म्हणवणारा पेपर 22 मे 2020 रोजी 'लॅन्सेट'मध्ये आला. जागतिक आरोग्य संघटनेने तीनच दिवसांत त्या औषधाची चाचणी थांबवली. मूळ माहिती पडताळायला कोणाला मिळेना, आणि 4 जूनला पेपर मागे घेतला गेला. त्यानंतरही कितीतरी लेखांनी तो मागे घेतल्याचा उल्लेखही न करता त्याचा संदर्भ दिला. औषध उपयोगी नाही हे पुढे दुसऱ्या, खऱ्या चाचण्यांनी दाखवलं, पण तो वेगळा हिशेब. उत्तर योग्य निघालं म्हणून खोटं गणित पास करत नाहीत.

मागे घेतलेल्या पेपरांची एक सर्वंकष यादी असावी, ही साधी गोष्ट कोणा मोठ्या संस्थेने केली नव्हती. 'रिट्रॅक्शन वॉच' नावाने दोन पत्रकारांनी 2010 मध्ये काम सुरू केलं, त्यातून ती यादी उभी राहिली, आणि 2023 मध्ये 'क्रॉसरेफ' या संस्थेने ती विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. मला या गोष्टीचं कौतुकही वाटतं आणि लाजही. आपल्याकडे शंकर गणेश दाते यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची अशीच स्वतःच्या जिद्दीवर उभी केली. सूचीचं काम नेहमी असं कोणाच्या तरी वेडावर चालतं. वेड संपलं, माणूस थकला, की सूची तिथेच गोठते.

एकच अभ्यास दोन-तीनदा सूचीत येणं हाही छोटा वाटणारा दोष. उलटी थांबवणारं ऑन्डान्सेट्रॉन आज घराघरात आहे. 1997 साली 'बीएमजे'मध्ये एक अभ्यास आला होता. त्या संशोधकांना आढळलं, की शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवरच्या या औषधाच्या काही चाचण्या वेगवेगळ्या जर्नल्समध्ये, कधी वेगळ्या लेखकांच्या नावाने, पुन्हा छापल्या गेल्या आहेत, आणि एकीत दुसरीचा उल्लेख नाही. सूचीत त्या स्वतंत्र दिसतात. त्या स्वतंत्र मानून बेरीज केली तर औषधाचा गुण 23 टक्के फुगून दिसत होता. औषध चांगलंच आहे, पण दाखवलं जात होतं तितकं नाही.

आणि 'पबमेडवर आहे म्हणजे दर्जेदार' या समजुतीबद्दल थोडक्यात. मेडलाइनमध्ये नियतकालिकं तपासून घेतात. पण पबमेडमध्ये मेडलाइनबाहेरचंही बरंच काही असतं. सरकारी अनुदान मिळालेल्या संशोधकाने आपला लेख नियमानुसार तिथल्या भांडारात जमा केला की त्याची नोंद पबमेडमध्ये दिसते, मग ते जर्नल पैसे घेऊन काहीही छापणारं का असेना. आपल्याकडे तर बढतीसाठी 'इंडेक्स्ड' जर्नलमध्ये छापण्याची सक्ती आल्यापासून या शब्दाचीच दुकानं निघाली. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2015 च्या मान्य सूचींच्या यादीत 'इंडेक्स मेडिकस'चं नाव होतं, जे 2004 मध्येच बंद पडलेलं! ज्या गोष्टीवर हजारो डॉक्टरांच्या बढत्या अवलंबून होत्या, ती अस्तित्वात आहे की नाही हेही पाहिलं गेलं नाही.

माझं मत सरळ आहे. सूची सांभाळणं हे कारकुनी काम नाही, रुग्णसेवेचाच तो भाग आहे, आणि त्यासाठी पगारी, प्रशिक्षित, विषय समजणारी माणसं हवीत. आपण आज जवळजवळ पूर्णपणे एका परक्या देशाच्या सरकारी ग्रंथालयावर विसंबून आहोत. 2013 मध्ये तिथल्या सरकारचं कामकाज निधीअभावी ठप्प झालं, तेव्हा पबमेड मोजक्या कर्मचाऱ्यांवर चालू असल्याची सूचना झळकली होती. उद्या तिथे कोणी खर्च कापला तर आपण काय करणार? नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटर आणि आयसीएमआर यांनी मिळून 'इंडमेड' नावाची भारतीय नियतकालिकांची सूची उभी केली होती, 1985 पासूनच्या नोंदींची. आज निवासी डॉक्टरांपुढे हे नाव घेतलं तर "म्हणजे काय सर?" असं विचारतात. अशी योजना सुरू करताना उद्घाटन होतं, फोटो येतो. तिची दहाव्या वर्षाची देखभाल कोणत्याच अंदाजपत्रकात नसते.

निदान एक गोष्ट आपल्या आवाक्यातली आहे. एमडी, एमएस करणारा प्रत्येक विद्यार्थी प्रबंध लिहितो. महाराष्ट्रात दरवर्षी असे ढिगाने प्रबंध तयार होतात. सर्पदंश, कुपोषण, क्षय, सिकलसेल, शेतकऱ्यांमधली विषबाधा, आपल्याच जिल्ह्यांतल्या आपल्याच पेशंटांवर. त्यांतले बहुतेक कधीच छापले जात नाहीत, कपाटात जातात. त्यांची नुसती शीर्षकं, सारांश, वर्ष आणि गाव एवढं जरी एका ठिकाणी शोधता येईल असं ठेवलं, नावं एका पद्धतीने लिहिली, आणि प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथपालाला त्यासाठी आठवड्यातला एक दिवस अधिकृतपणे दिला, तरी पुष्कळ होईल. ग्रंथपालांची पदं भरलेली असावीत, हे ओघाने आलंच.

वाचकांसाठी आता कामाचं. पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो, त्याला पीएमआयडी म्हणतात. हल्ली लोक चॅटबॉटला विचारून संदर्भांची यादी आणतात, आणि त्यातले काही संदर्भ जगात कुठेच नसतात, यंत्राने रचलेले असतात. क्रमांक पबमेडच्या चौकटीत टाकून पाहा. लेख निघालाच नाही, किंवा भलताच निघाला, तर कागद बाजूला ठेवा. निघाला, तर वरच्या बाजूला तो मागे घेतल्याची खूण आहे का ते बघा. एखाद्या औषधाच्या त्रासाबद्दल काही सापडलं नाही तर औषधाचं मूळ नाव, जुनं नाव आणि त्रासाचे दोन-तीन पर्यायी शब्द टाकून पुन्हा शोधा. आणि तरीही काही मिळालं नाही आणि त्रास मात्र होतोय, तर त्रास खरा धरून डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका किंवा चालूही ठेवू नका. देशभरच्या मेडिकल कॉलेजांमध्ये औषधांचे दुष्परिणाम नोंदवणारी केंद्रं आहेत, तिथे पेशंटलाही स्वतः नोंद करता येते.

माझ्याकडे येताना पंधरा पानांची छापील प्रत आणायची गरज नाही. चिठ्ठीवर तो क्रमांक लिहून आणा, आठ आकडी किंवा त्याहून लहान असतो. आपण दोघं मिळून उघडून बघू.